चाप ओढण्याआधी : शिकार, दुर्बीण आणि नजर

गेल्या महिन्यात केपटाऊनहून भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. सलाम-दुआ झाल्यावर तो थेट मुद्द्यावर आला. "मामू, जुलैमध्ये दोस्तांबरोबर कारूमध्ये शिकारीला जातोय. स्प्रिंगबॉकची. परवाना, बंदूक सगळं रीतसर आहे. दुर्बीण तेवढी घ्यायची राहिलीय. फार महागडी परवडणार नाही, पण खेळणंही नको. दुकानदार म्हणतो, बारा पटीची घ्या, खिशात मावते. तुम्ही इतकी वर्षं पक्षी बघताय. तुम्हीच सांगा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि आताच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे तिकडे जात राहिली, दुकाने टाकली, घरे बांधली. माझी आपा लग्न होऊन त्याच वस्तीत गेली. तिकडे परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडे नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने भारतातली हौसेची शिकार कायमची संपली आणि ते योग्यच झाले. म्हणजे मी आयुष्यात कधी शिकार केलेली नाही आणि करणारही नाही. तरी भाच्याने मला विचारले, कारण दुर्बीण ही वस्तू आमच्या घरात शिकारीच्या वाटेनेच आली होती.

मी दोन ओळींत उत्तर पाठवले. आठ पटीची घे, फार तर दहा. पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटरचे. बारा पटीची घेऊ नकोस. लगेच उलट प्रश्न आला, "का?" या 'का'चे उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये मावत नव्हते. म्हणून हा लेख.

नानांची बंदूक

माझ्या आजोळी, म्हसळ्याकडच्या डोंगरात, नानांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. भातशेतीत रानडुकरे शिरायची, त्यांना हुसकावायला ती मिळालेली. डुक्कर आमच्या खाण्यातले नाही, पण नानांनी मारलेले डुक्कर वाडीवरची माणसे घेऊन जायची आणि बदल्यात पेरणीच्या वेळी हाताला हात द्यायची. आमच्या ताटात यायचे ते ससा, हरोळी आणि क्वचित भेकर.

हलाल शिकारीला नियम असतात. बार टाकताना बिस्मिल्लाह म्हणायचे आणि जनावर जिवंत असतानाच गाठून सुरी फिरवायची. गोळीने मेलेले जनावर खाता येते की नाही, यावर फुकहांमध्ये मतभेद आहेत. नाना त्या वादात पडत नसत. ते बार टाकून धावत सुटायचे. गावात त्यांच्या नेमापेक्षा त्यांच्या धावण्याची जास्त तारीफ होती.

१९६८च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. अम्मीने ती मला अनेकदा सांगितली आहे. मगरीबची वेळ होती. नाना पाणवठ्याजवळ बसलेले. करवंदीच्या जाळीआड काहीतरी हलले. उंचीवरून भेकर वाटले आणि ते भेकरच होते. नानांनी बार टाकला, धावले, सुरी फिरवली. घरी आणून पोट फाडले तेव्हा आत पुऱ्या दिवसांचे पिल्लू निघाले.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. नानांचे म्हणणे एवढेच होते की, मला दिसले नव्हते आणि दिसले नव्हते तर मी चाप ओढायला नको होता. आठवडाभरात त्यांनी बंदूक चौकीवर जमा केली. पुढच्या खेपेला मुंबईला गेले तेव्हा चोरबाजारातून एक जुनी दुर्बीण घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धातली, ब्रिटिश लष्कराची, पितळी अंगावर बाणाची खूण असलेली, ६×३०. डाव्या नळीत बुरशी धरलेली. नंतरची वीस वर्षे ते त्याच पाणवठ्याजवळ त्याच वेळी जाऊन बसायचे, फक्त बघायला. मी सात-आठ वर्षांचा असताना मलाही घेऊन जायचे. मादी कोणती, नर कोणता, पिल्लू कुठे दडले आहे, हे ओळखल्याशिवाय घरी निघायचे नाही, असा त्यांचा नियम होता.

शिकाऱ्याला दुर्बीण कशासाठी लागते, याचे उत्तर मला नानांकडून मिळाले. दूरचे जवळ आणायला ती लागतेच. पण चाप ओढायचा नाही, हे वेळेवर ठरवायला ती त्याहून जास्त लागते.

प्रकाश डोळ्यात येतो

दुर्बिणीची कहाणी कुठून सुरू करायची? आपल्याकडे एक खोड आहे. कुठलाही शोध निघाला की तो आधी आमच्याच माणसाने लावला होता, असे सांगायचे. इब्न अल-हैसम यांनी दुर्बीण बनवली नव्हती. त्यांनी त्याहून आधीचे काम केले. बसऱ्यात साधारण ९६५ साली जन्मलेला हा विद्वान कैरोत राहत होता. तिथे १०११ ते १०२१च्या दरम्यान त्याने 'किताब अल-मनाजिर' हा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण निघतात, ते वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून वस्तू दिसते, असे तोपर्यंत अनेक ग्रीक पंडित मानत. इब्न अल-हैसम यांनी उलटे सिद्ध केले. वस्तूकडून प्रकाश निघतो आणि तो डोळ्यात येतो. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ साली बाझेलमध्ये छापला गेला आणि केप्लरसारख्या शास्त्रज्ञांनी पुढचे काम त्याच्या आधाराने केले.

दुर्बीण घेताना ही गोष्ट फार उपयोगाची आहे. बघणे म्हणजे नजर फेकणे नव्हे, प्रकाश गोळा करणे. जी दुर्बीण कमी प्रकाश गोळा करते, तिची पट कितीही असली तरी मगरीबला ती आंधळीच.

पहिली दुर्बीण १६०८ साली नेदरलँड्समध्ये पुढे आली. मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरशे याने सरकारकडे हक्कासाठी अर्ज केला. गंमत अशी की सरकारने त्याला लगेच सांगितले, एका डोळ्याची नको, दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून आण. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने तशी आणून दिलीही. पुढच्या वर्षी गॅलिलिओने आपली नळी आकाशाकडे वळवली आणि जगाचे लक्ष चंद्राकडे गेले. दोन डोळ्यांची दुर्बीण मात्र पुढची अडीचशे वर्षे रेंगाळली. पट वाढवली की दिसणारा तुकडा चिंचोळा व्हायचा, नाहीतर नळी हातभर लांब व्हायची.

जहांगीरची मोजदाद

लिपरशेने अर्ज केला तेव्हा आग्ऱ्याच्या तख्तावर जहांगीर होता. शिकार आणि निरीक्षण एकाच माणसात किती टोकाला जाऊ शकतात, याचे त्याच्यासारखे उदाहरण मिळणे कठीण. आपल्या आत्मचरित्रात त्याने शिकारीचा हिशेब दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या शिकारीत २८,५३२ जनावरे आणि पक्षी मारले गेले. त्यातले १७,१६७ त्याने स्वतः मारले आणि या त्याच्या हिशेबात १३,९६४ पक्षी आहेत. हे आकडे कोणा विरोधकाने लिहिलेले नाहीत. बादशहाने अभिमानाने नोंदवून घेतले आहेत.

याच बादशहाने सारसांची एक जोडी पाळली होती. त्यांना लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. ती जोडी कशी जुळते, अंडी कधी घालते, नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर कसे बसतात, हे तो दिवसच्या दिवस पाहत राहिला आणि लिहीत राहिला. उस्ताद मन्सूरकडून त्याने पक्ष्यांची चित्रे काढून घेतली. त्या चित्रांत पिसांचा रंग आणि चोचीचा बाक इतका नेमका आहे की आजचे पक्षीतज्ज्ञही त्यांवरून जात ओळखतात. आणि याच जहांगीरने पन्नाशीनंतर बंदुकीने शिकार करायची नाही, असा अल्लाहशी करार केला होता. लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याला या कराराची आठवण झाली.

मला यात ढोंग दिसत नाही. मारणारा हात आणि बघणारा डोळा एकाच माणसाचे होते आणि आयुष्याच्या उताराला डोळा हाताला थांबवू पाहत होता. इस्लामची शिकवणही इथे एका टोकाची नाही. शिकार जायज आहे, पण एहराम बांधल्यावर जमिनीवरच्या जनावरांची शिकार हराम आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत पाखरालाही अभय आहे. निव्वळ गंमत म्हणून जीव घेण्याला तर उलेमांनी कधीच बरे म्हटलेले नाही. म्हणजे मुद्दा परवानगीइतकाच थांबण्याचाही आहे.

दोन भाऊ आणि एक लोलक

दुर्बिणीचे अडलेले गाडे पुढे नेले इटलीच्या इग्नाझिओ पोरो याने. १८५४ साली त्याने एका युक्तीचे पेटंट घेतले. नळीत दोन प्रिझम, म्हणजे शाळेत प्रकाशाचा प्रयोग करताना वापरतो तसे त्रिकोणी लोलक, अशा बेताने बसवायचे की प्रकाश आतल्या आत वळणे घेत जाईल. त्यामुळे लांब नळी आखूड होते आणि उलटी दिसणारी प्रतिमा सुलटी होते. कल्पना उत्तम होती, पण तेवढी शुद्ध काच त्या काळात बनत नव्हती. ती बनायला चाळीस वर्षे गेली. जर्मनीतल्या येना गावी एर्न्स्ट आबे या शास्त्रज्ञाने काचेचा आणि गणिताचा मेळ घातला आणि १८९४ साली झाइस कंपनीने चार, सहा आणि आठ पटींच्या लोलकाच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. आज भाच्याच्या दुकानात मांडलेली प्रत्येक दुर्बीण त्यांची वंशज आहे.

याच सुमारास इंग्लंडच्या एका घरातले दोन भाऊ दोन वाटांनी गेले. थोरला फ्रेडरिक सेलूस १८७१ साली, एकोणीस वर्षांचा असताना, दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि त्या काळचा सर्वांत गाजलेला शिकारी बनला. धाकटा एडमंड. त्यानेही सुरुवातीला पक्षी मारून गोळा केले, पण पुढे बंदूक टाकली आणि पक्ष्यांकडे तासन् तास दुर्बिणीतून पाहू लागला. १९०१ साली त्याने 'बर्ड वॉचिंग' नावाचे पुस्तक लिहिले. हा शब्द त्याच पुस्तकाने रूढ केला. त्याचे सांगणे होते की पक्षी मारणाऱ्याने बंदूक ठेवून एकदा दुर्बीण उचलून पाहावी. तो परत बंदुकीकडे जाणार नाही. फ्रेडरिकचा शेवट १९१७च्या जानेवारीत पूर्व आफ्रिकेत झाला. महायुद्धात लढताना, शत्रू कुठे आहे ते पाहायला त्याने दुर्बीण उचलली आणि जर्मन नेमबाजाची गोळी त्याच्या डोक्यात लागली.

त्या युद्धात दुर्बिणीची किंमत सगळ्यांना कळली. उत्तम काच जर्मनीत आणि लढाई जर्मनीशी. १९१४ साली ब्रिटनच्या लॉर्ड रॉबर्ट्सना जनतेला आवाहन करावे लागले की घोड्यांच्या शर्यतीला आणि शिकारीला नेता त्या दुर्बिणी सैन्याला द्या. अमेरिकेच्या नौदलानेही पुढे तेच केले आणि लोकांच्या दुर्बिणी एक डॉलर नाममात्र भाड्याने घेतल्या. शिकाऱ्याच्या गळ्यातली वस्तू अशी सैनिकाच्या गळ्यात गेली.

शेवटची मोठी सुधारणा १९३५ची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप देऊन ही गळती थांबवली. जर्मन लष्कराने ही युक्ती काही वर्षे गुप्त ठेवली. नानांच्या दुर्बिणीच्या भिंगांवर हा लेप नव्हता. कातरवेळी तिच्यातून सगळे धुक्यातले दिसायचे, ते त्यामुळे. तेव्हा मला वाटायचे, नानांची दुर्बीण म्हातारी झाली आहे.

पिवळ्या गळ्याची चिमणी

आता घरची गोष्ट. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा, मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांतले शेंडेफळ. आई-वडील लहानपणीच गेले. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीच्या घरात वाढवले. मामू शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्ऱ्यांची बंदूक दिली. भाचा चिमण्या मारू लागला. चिमण्या घरात शिजायच्याही.

त्या वयातली त्यांची एक नोंद प्रसिद्ध आहे. तबेल्यातल्या एका घरट्यावर नजर ठेवून त्यांनी सात दिवसांत आठ नर मारले. दर वेळी मादीने नवा नर आणला. नोंद शिकाऱ्याची आहे, पण त्यात काय काय पाहिले आहे बघा! साठेक वर्षांनी ती शास्त्रीय नियतकालिकात छापण्याच्या योग्यतेची ठरली.

मग एक दिवस वेगळी चिमणी पडली. गळ्यावर पिवळा ठिपका. मुलगा गोंधळला. ही खायला हलाल आहे की नाही? तो ती चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामूंना ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ पासून मुंबईत होती. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी रानचिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि पुस्तके वाचायला दिली. भारतातल्या पक्षीशास्त्राची मोठी वाट अशी एका मुसलमान पोराच्या हलाल-हरामच्या शंकेतून फुटली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते तेव्हा शंका गळते, चिमणी तेवढी उरते. माझ्या मते खरी गोष्ट ती शंकाच आहे. मारल्यानंतर का होईना, मी काय मारले आहे, असा प्रश्न त्या मुलाला पडला.

सालिम अलींना संत बनवायची गरज नाही. अभ्यासासाठी नमुने हवेत म्हणून त्यांनी पुढे हजारो पक्षी मारले आणि ते कधी लपवले नाही. १९३०च्या दशकात निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि मग त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा सामानात बंदूकही होती. पण त्याआधी, जर्मनीहून शिकून आल्यावर नोकरी हाती उरली नव्हती, तेव्हा ते तहमीना बेगमसह अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिथे महिनोन् महिने बसून त्यांनी सुगरण नराचे खटले कसे चालते, एक नर एकापाठोपाठ घरटी बांधून अनेक माद्यांना कसे नांदवतो, ते शोधले. हे बंदुकीने कळले नसते. मेलेली सुगरण संसार दाखवत नाही. मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर आणि शिकारीवर त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जहांगीर त्यांना नीट कळला असणार.

त्याच काळात भरतपूरच्या पाणथळीत काय चालले होते? १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडी फलकावर आजही वाचता येतो. त्यातला कोणता पक्षी कोणता, हे कोणी पाहिले असेल? ती पाणथळ पुढे शेतीसाठी कोरडी करायची मागणी झाली, तेव्हा ती वाचवण्यासाठी सालिम अलींनी आपले वजन खर्च केले. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथे बंदूक नेता येत नाही आणि दुर्बीण भाड्याने मिळते.

भाच्यासाठी हिशेब

आता बेटा, तुझा 'का'.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठ पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर. दुसऱ्याला पहिल्याने भाग. सव्वापाच आले. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरली की मागच्या भिंगात प्रकाशाचा जो गोल ठिपका दिसतो, त्याची ही रुंदी. तुझ्या वयात अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयात पाचच्या आसपास. दुकानदाराची खिशातली १२×२५ घेतलीस तर ठिपका जेमतेम दोन मिलिमीटरचा. भर दुपारी चालेल. पण जनावर पाण्यावर येते पहाटे आणि सांजेला. तेव्हा तुला बारा पट मोठा अंधार दिसेल. नानांची साधी ६×३० सुद्धा पाच मिलिमीटर देत होती.

दुसरी गोष्ट हाताची. पट वाढते तसा हाताचा कंपही वाढतो आणि दिसणारा तुकडा लहान होतो. कारू उघडे माळरान आहे, अंतरे लांब. हात स्थिर असेल, टेकू मिळत असेल तर १०×४२ घे. झुडपांत कुडू वगैरे बघायचे असेल तर आठच बरी. १२×५० घ्यायला हरकत नाही, पण ती जड असते आणि तिपाईशिवाय तिचा फायदा मिळत नाही. पट कमी-जास्त करता येणारी झूम दुर्बीण तर मुळीच घेऊ नकोस.

पैसे थोडे असतील तर आकाराकडे बघ. पुढची भिंगे मागच्यांपेक्षा लांब असलेली, खांदे बाहेर आलेली जी जुन्या घाटाची दुर्बीण असते, ती पोरोची. त्याच पैशांत तिची प्रतिमा बहुधा सरस असते. सरळ नळ्यांची दुर्बीण सुटसुटीत आणि टिकाऊ, पण तिचे लोलक नेमके बनवायला खर्च येतो. स्वस्त सरळ नळीपेक्षा मध्यम पोरो बरी. निकॉनची ॲक्शन ईएक्स ८×४० हा पहिल्या प्रकारातला, तर निकॉनची मोनार्क किंवा व्होर्टेक्सची डायमंडबॅक हा दुसऱ्यातला मध्यम खिशाचा पर्याय. आणि डोंगराएवढे नाव असलेली जर्मन किंवा ऑस्ट्रियन दुर्बीण कर्ज काढून घेऊ नकोस. वरच्या पायऱ्यांवर पैसे दुप्पट होतात, दिसणे दुप्पट होत नाही.

दुकानात जाताना डोके थंड ठेव. दुर्बीण लांब धरून तो प्रकाशाचा ठिपका बघ. गोल आणि स्वच्छ असेल तर लोलक चांगले. कडा चौकोनी आणि राखाडी दिसल्या तर काटकसर केलेली आहे. भिंगांच्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे असे स्पष्ट लिहिलेले हवे. लाल चमकणारी भिंगे दिसायला झकास, वापरायला टाकाऊ. आत नायट्रोजन भरून बंद केलेली घे, म्हणजे वाफ आणि बुरशी धरत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. तू चष्मा लावतोस, तेव्हा डोळा भिंगापासून पंधरा मिलिमीटर किंवा जास्त लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. शेवटी दुकानाबाहेर येऊन लांबच्या खांबाकडे किंवा गच्चीच्या कडेकडे पाच मिनिटे बघत राहा. डोळ्यांवर ताण आला, डोके दुखले किंवा कड दोन दिसली तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती परत ठेव, कितीही सूट दिली तरी.

आणि हे सगळे कशासाठी? स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाच्या गणगोतातला. पण काळविटात शिंगे नराला, मादीला सहसा नाहीत. स्प्रिंगबॉकमध्ये दोघांनाही असतात, मादीची जरा बारीक. शिंग दिसले म्हणजे नर, असा हिशेब तिथे चालत नाही. शिंगाची जाडी दिसली पाहिजे, पोट दिसले पाहिजे, पायाशी पिल्लू आहे का ते दिसले पाहिजे, आणि त्याच्या मागे दुसरे जनावर किंवा माणूस नाही ना, हेही. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कळपावर नजर फिरवू नकोस. तू जिकडे बघशील तिकडे नळी वळलेली असते. आधी गळ्यातली दुर्बीण, बंदूक नंतर.

ओळखण्याआधी

अशीच एक गोष्ट माझ्या वाट्यालाही आली आहे. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका खाडीच्या काठावर मी सकाळी रोहित बघत बसलो होतो. दोघे तरुण मोटारसायकलवरून आले. कशाचे फोटो काढताय, असे विचारले. माझ्याकडे कॅमेराच नव्हता. मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर आवाज बदलला. फोन झाले, चौकीवरून हवालदार आले. त्यांनी ओळखपत्र पाहिले, वही चाळली. वहीत फक्त पक्ष्यांची नावे आणि आकडे होते. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "बघू जरा." दुर्बीण डोळ्यांना लावून ते बराच वेळ गप्प उभे राहिले. नंतर त्या दोघांनाही एकेकदा बघायला लावले आणि सगळे निघून गेले. माफी कोणी मागितली नाही. मीही त्या दिवशी परत बसलो नाही, घरी आलो.

त्या सकाळचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण नानांची आठवण येते तेव्हा वाटते, झाले एवढेच होते की त्यांनी जाळीआड काहीतरी हललेले पाहिले आणि ओळखण्याआधीच ठरवून टाकले. हवालदारांनी निदान दुर्बीण मागितली.

तेव्हा बेटा, दुर्बीण मिळाली की पहिल्या संध्याकाळी बंदूक गाडीतच ठेव. एक पूर्ण मगरीब नुसता बघत बस. कळपात किती, कोण कोणाची आई, कोण लंगडतो, सगळे वहीत लिही. दुसऱ्या दिवशी काय करायचे ते तुझे तू ठरव, तुला तिथे परवानगी आहे. फक्त नीट दिसल्यावर ठरव. आणि ती वही मला पाठव. नानांची दुर्बीण माझ्या टेबलावर आहे, डावी नळी आता पार आंधळी झाली आहे. उजव्या नळीतून अजून दिसते.